तुमच्या दारात पायऱ्या किती?

गुहागरात सध्या माझ्या टेबलावर दोनच गोष्टींचा पसारा आहे: कापडी पिशव्या आणि पोस्टरांचे कच्चे नमुने. दोन्हींवर एकच प्रश्न छापायचा आहे, 'तुमच्या दारात पायऱ्या किती?' त्याखाली, बारीक टायपात न दडवता, 'मोजा. सांगा. नकाशावर येऊ द्या.' विषय आहे नकाशांच्या सुगम्यतेचा. फोनमधला, एसटी स्टँडवरचा, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा नकाशा ज्याला दिसत नाही, ज्याला रंग ओळखता येत नाहीत, जो व्हीलचेअरवर फिरतो किंवा ज्याचे गुडघे साथ देत नाहीत, त्याच्या तो कितपत उपयोगी पडतो? कोकणात हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही, कारण इथे वाट विचारायला माणूस भेटतो आणि तो थेट दारापर्यंत आणून सोडतो. ही आपली चांगली सवय आहे. पण कुणी सोबत असल्याशिवाय घराबाहेर पडायचंच नाही, ही सक्ती त्या सवयीच्या पोटात असते, आणि ती ज्याच्या वाट्याला येते त्यालाच कळते.

असं पोस्टर म्हटलं की पहिल्यांदा आठवतं ते निळ्या चौकोनातलं व्हीलचेअरचं चिन्ह. १९६८ साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने ते काढलं, पुढच्या वर्षी त्या आकृतीला डोकं बसवलं गेलं आणि ते जगभर पसरलं. चिन्ह गुणाचं आहे. लांबून ओळखू येतं, भाषा लागत नाही. तरी आमच्या पोस्टरवर मी ते घेतलं नाही. ते 'सोय आहे' एवढंच सांगतं, आणि इकडच्या जवळजवळ प्रत्येक दाराला त्याचं उत्तर 'नाही' असंच येतं. पाऊसच असा, की जोतं उंच घ्यावं लागतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारं पाणी आत येऊ नये म्हणून घर, दुकान, देऊळ, शाळा, सगळं वर उचललेलं. बर्लिनमध्ये २०१० साली सुरू झालेला व्हीलमॅप नावाचा एक नकाशा आहे. त्यात ठिकाणांना हिरवा, नारिंगी, लाल असे रंग देतात. दारात पायरी नसेल तर हिरवा, एखादीच बुटकी पायरी असेल तर नारिंगी, त्यापुढे लाल. काम मोलाचं आहे, जगभरातली माणसं त्यात भर घालतात. पण तोच निकष घेऊन गुहागरच्या बाजारातून चाललं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत लालच लाल. आणि नुसता लाल रंग माझ्या मावशीला काय सांगणार?

मावशीचे दोन्ही गुडघे गेलेत. ती म्हणते, "मला दहा पायऱ्या झेपतात गो. धरायला कायतरी असलं तर पंधराही चढेन. पण तिथे जाऊन बघते तो पंचवीस! मग तुम्ही सगळी वर जाता आणि मी खाली रिक्षात बसून राहते." तिला कुणाचं प्रमाणपत्र नको होतं, आकडा हवा होता. आकडा मिळाला की जायचं की नाही हे तिचं ती ठरवणार. पोस्टरवरचा प्रश्न तिथून आला.

पाखाड्यांचं तर विचारूच नका. रस्त्यापासून वरच्या वाडीत जाणारी जांभ्याच्या पायऱ्यांची ती वाट फोनवरच्या नकाशात असली तर एक पातळ रेघ असते, आणि पुष्कळदा नसतेच. आपल्याकडे नकाशांची परंपरा काही लहान नाही, सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ सालची. पण त्यांचे नेहमीचे स्थलदर्शक नकाशे १:५०,००० प्रमाणाचे, म्हणजे कागदावरच्या एका सेंटिमीटरला जमिनीवरचे ५०० मीटर. एवढ्याशा जागेत पाखाडीची पायरी मावणार कशी? ती मोजायची तर त्या पाखाडीवर उभंच राहावं लागतं. आणि उभं राहिलं की कळतं, नुसती संख्याही पुरत नाही. एक पायरी टीचभर, पुढची जवळजवळ गुडघ्याला येणारी. मध्येच पाच-सहा पावलं सपाट, मग वळण, वळणावर गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला धरून चढायचं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी दगड मधोमध खोलगट झालेला. आषाढात त्या खळग्यात पाणी साचतं आणि दोन्ही कडांना शेवाळ धरतं. जाणता माणूस पाय पाण्यातच टाकतो, कडेच्या हिरव्या भागाला शिवत नाही. नवखा नेमका उलटं करतो, बूट भिजू नयेत म्हणून कडेने जातो आणि घसरतो.

हे सगळं नकाशावर लिहायला जागा आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला, कुणालाही भर घालता येईल असा जगाचा नकाशा. व्हीलमॅपही त्याच्याच पायावर उभा आहे. त्यात वाटेची नोंद करताना ती पायऱ्यांची आहे असं सांगता येतं, पायऱ्या किती ते लिहिता येतं, कठडा आहे का, जमीन कसली आहे, वाळू की माती की दगड, चढ केवढा, दाराशी व्हीलचेअर जाते का, पूर्ण की थोडीफार, हेही लिहिता येतं. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांविषयीचे नियम बरेच सैल केले, त्यामुळे हे काम करणं आणखी सोपं झालं. म्हणजे रकाने तयार आहेत. भरायला माणूस नाही. आणि ज्याने भरावं तो माणूस म्हणजे रोज ती पाखाडी चढणारा, दुकानाचं शटर उघडणारा, देवळाच्या पायऱ्या झाडणारा. पोस्टर त्याच्याशी बोलायला हवं. दानशूर पाहुण्याशी बोलून उपयोग नाही.

आमच्या आळीत एक निवृत्त गुरुजी आहेत. काचबिंदूने नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली. फोन सराईतपणे वापरतात, टॉकबॅक त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो. एकदा त्यांनी माझ्यासमोर नकाशा उघडला. फोन बोलू लागला: शोधा, दिशानिर्देश, मागे जा. मग त्यांनी बोट पडद्याच्या मध्यावर आणलं, जिथे मला सगळं गुहागर दिसत होतं, समुद्राची निळी पट्टी, बाजाराचा रस्ता, माडांच्या वाड्या. फोन गप्प. बोट वर नेलं, खाली नेलं, तरी गप्प. "बघ," गुरुजी म्हणाले, "काठ सगळा बोलतो, मध्ये विहीर."

याचं कारण साधं आहे. इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे म्हणजे चित्राचे चौकोनी तुकडे शेजारी शेजारी लावलेले, किंवा एकाच फलकावर रंगवलेलं सलग चित्र. रस्त्याचं नाव आपल्याला दिसतं, पण ते चित्राचा भाग असतं, मजकूर म्हणून तिथे नसतं. वाचून दाखवणाऱ्या यंत्राला मजकूर लागतो. खुणेच्या टाचणीला जोडून दोन शब्द लिहिले, कीबोर्डने एका टाचणीवरून दुसरीवर जाता येईल अशी व्यवस्था केली, शेजारी ठिकाणांची साधी यादी दिली, तरी पुष्कळ फरक पडतो. ही साधनं उपलब्ध आहेत. वेबवर नकाशे मांडायच्या 'लीफलेट'सारख्या मोफत साधनात टाचणीचं वर्णन लिहायची सोय आहेच. ते लिहायचं राहून जातं, कारण नकाशा करणाऱ्याच्या मनात नकाशा म्हणजे बघायची वस्तू असते.

गुरुजींच्या मनात तसं नाही. त्यांच्या डोक्यात गावाचा जो नकाशा आहे तो ऐकताना मी वही काढली. समुद्राची गाज डाव्या कानाला ठेवून सरळ चालायचं. बेकरीचा वास आला की पुढच्या चिऱ्याच्या गडग्याला काठी लावून उजवीकडे. साकवावर आलं की काठीचा आवाज पोकळ होतो, तिथे मधोमध राहायचं कारण एका बाजूला कठडा नाही. साकव संपला की चढ, आणि चढ संपतो तिथे सुरू होते पाखाडी. यात दिशा आहे, अंतर आहे, धोका आहे, खुणा आहेत. नकाशाकडून आणखी काय हवं असतं? आमचं दुसरं पोस्टर या वाटेचं आहे. त्यावर एकही रेघ नाही, एकही बाण नाही. काळ्या अक्षरात गुरुजींची वाट लिहिली आहे आणि वर मथळा आहे, 'हा नकाशा आहे.' लोक थांबून वाचतात. काही जण नकाशा कुठे आहे म्हणून मागची बाजू बघतात, मग पुन्हा पुढून वाचतात. त्या दुसऱ्या वाचनासाठी मी ते केलं.

पोस्टर ज्या विषयाचं, त्या कसोटीला ते स्वतः उतरलं पाहिजे, हा माझा हट्ट आहे. सुगम्यतेच्या कार्यक्रमाची पोस्टरं मी पाहिली आहेत: फिकट निळ्यावर पांढरी अक्षरं, मागे उगवता सूर्य, उंचावलेले हात, आणि कार्यक्रमाचा पत्ता खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढा. ज्याच्यासाठी केलं त्यालाच वाचता येत नाही. वेबसाठीचे सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असावा असं म्हटलं आहे. मोठ्या अक्षरांना आणि नकाशातल्या रेषा, खुणा वगैरे गोष्टींना ३ ला १ चालतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. भडक लाल, जो आपल्याकडे प्रत्येक सूचनेला वापरतात, तो पांढऱ्यावर जेमतेम ४ ला १. पिवळा तर पांढऱ्यावर दिसत नाही म्हणायला हरकत नाही. हे आकडे पडद्याचे. छपाईत शाई आणि कागद बदलले की तेही बदलतात, म्हणून मी एक घरगुती चाचणी घेते. बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे पोस्टरची काळी-पांढरी प्रत काढायची. त्यात जे हरवलं ते केवळ रंगाच्या भरवशावर उभं होतं.

ही चाचणी नकाशांना लावली की अंगावर काटा येतो. चिपळूण इथून ४५ किलोमीटरवर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी शहरात शिरली, तेव्हाच्या गोष्टी अजून आमच्याकडे घराघरात निघतात. त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी झालेल्या दोन रेषा म्हणजे निळी पूररेषा आणि लाल पूररेषा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. घर कुठल्या रेषेच्या आत आहे यावर बांधकामाच्या परवानगीपासून रात्री झोप लागण्यापर्यंत सगळं ठरतं. आता असा नकाशा कुणी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला, कुणी त्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढली. झेरॉक्समध्ये दोन्ही रेषा करड्या. ज्याला रंगांचा फरक नीट कळत नाही त्याचीही पंचाईत. आणि टॉकबॅक वापरणाऱ्याला तर एवढंच कळणार की कुणीतरी फोटो पाठवला आहे. एक रेषा सलग, दुसरी तुटक ठेवली तर झेरॉक्समध्येही टिकते. सोबत चार वाक्यं लिहिली, अमुक रस्त्यापासून अमुक पुलापर्यंतचा भाग निळ्या रेषेच्या आत, तर ती कुणालाही ऐकता येतात, फोनवर दुसऱ्याला सांगता येतात. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे दिवसच्या दिवस वीज नव्हती. अशा वेळी पाठ असलेलं वाक्यच उपयोगी पडतं. म्हणून तिसरं पोस्टर या दोन रेषांचं केलंय: वरच्या अर्ध्यात रंगीत नकाशा, खालच्या अर्ध्यात त्याचीच काळी-पांढरी प्रत. मजकूर फक्त 'यातली लाल रेषा कुठली?'

अक्षरांचं थोडं सांगते, कारण त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. अंधुक दिसणाऱ्या डोळ्यांना देवनागरीत काही जोड्या फार त्रास देतात. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', यांच्यातला फरक शिरोरेषेपाशी असलेल्या एवढ्याशा फटीत असतो. फॉन्ट जाड केला की ती फट बुजते. लोकांना वाटतं, जाड म्हणजे वाचायला सोपं. 'भाट्ये' नको तितकं जाड छापलं की दुरून 'माट्ये' दिसतं, आणि अनोळखी माणूस ते गाव शोधत बसतो. अनुस्वाराचंही तसंच, रेषेला चिकटला की गेला. म्हणून 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा, मुक्त उपलब्ध असलेला 'मुक्त' हा फॉन्ट घेतला, मध्यम जाडीत, ओळींमध्ये भरपूर मोकळी जागा सोडून. लॅमिनेशन चकचकीत केलं नाही. आपल्याकडच्या उन्हात चकचकीत कागद आरसा होतो आणि मोतीबिंदू झालेल्याला त्यात फक्त ऊन दिसतं. पोस्टर लावायचं ते व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना समोर येईल अशा उंचीवर. उभा माणूस जरासा वाकेल, बसलेला उंच होऊ शकत नाही. क्यूआर कोड प्रत्येक पोस्टरवर उजव्या खालच्या कोपऱ्यातच, आणि त्याच्याभोवती हाताला लागेल अशी उंच चौकट. कोड कुठे आहे हे सापडलं नाही तर त्यामागे कितीही चांगलं ध्वनिमुद्रण ठेवलं तरी काय उपयोग?

पिशव्यांचं काम मात्र वेगळ्याच दिशेने गेलं. २०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून कापडी पिशवी घराघरात आहे, ती मासळीबाजारात जाते, देवळात जाते, मुंबईच्या गाडीत बसते. भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा ती जास्त फिरते. इथल्या बचत गटातल्या बायका जाड मांजरपाटाच्या शिवून देतात. पहिला नमुना घेऊन मी व्हीलचेअर वापरणाऱ्या एका ताईंकडे गेले. त्यांनी छपाईकडे बघितलंच नाही, बंद ओढून बघितला. "हा लांब बंद मागे खुर्चीच्या दांड्याला अडकवला की पिशवी चाकात जाते. आखूड एक दे." कुबड्या घेऊन चालणाऱ्याचं उलट, त्याचे दोन्ही हात गुंतलेले, त्याला लांब बंद गळ्यातून तिरका घालायला हवा. गुरुजींचा एक हात काठीला, त्यांना पिशवीत हात घालताच फोनसाठी वेगळा कप्पा लागायला हवा. आता पिशवीला आखूड आणि लांब असे दोन जोड आहेत, आतल्या बाजूला कप्पा आहे, आणि शिवणाऱ्या काकूंनी आपणहून कप्प्याच्या तोंडावर जाड गोट लावला, बोटांना कळावं म्हणून.

पिशवीवर ब्रेल हवं असं सगळेच सुचवत होते. सुचवणाऱ्यांच्या मनात पिशवीभर मोठे मोठे ठिपके असतात. ब्रेल असं मोठं करता येत नाही. ते बोटाच्या टोकाखाली मावायला लागतं, एका खणातल्या ठिपक्यांमधलं अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास. 'नकाशा' हा शब्द भारती ब्रेलमध्ये पाच खणांचा, सगळा मिळून जेमतेम तीन सेंटिमीटर. हातभर ठिपके काढले तर ते नक्षी म्हणून दिसतात, वाचता येत नाहीत. आणि कापड चुरगळतं, त्यावर ठिपके टिकणं कठीण. गरम केल्यावर फुगणारी पफ शाई वापरून बघितली. ती रेषांना छान, पण ठिपके एकमेकांत मिसळले. गुरुजींनी बोट फिरवून सांगितलं, "रेघ कळते. अक्षर नाही." त्यामुळे ब्रेल मजकूर वेगळ्या जाड पट्टीवर करून ती गोटात शिवायची, आणि पफ शाई ठेवायची ती पिशवीवरच्या नकाशाला.

हो, पिशवीवर नकाशा आहे, हाताने वाचायचा. असे नकाशे नवे नव्हेत. बोस्टनमध्ये सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांनी १८३७ सालीच अंध विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेचा उठावदार छपाईचा नकाशासंग्रह काढला होता, आणि आपल्याकडे कोलकात्याच्या नॅटमो या राष्ट्रीय नकाशासंस्थेने २०१७ मध्ये भारताचा ब्रेल ॲटलास दिला. आमचा नकाशा फक्त बाजार ते समुद्र एवढाच. आधी पुठ्ठ्यावर नमुना केला. समुद्राच्या काठाला काथ्याची दोरी, रस्त्याला सुतळी, वाळूला पॉलिश पेपर, देवळांना आणि स्टँडला वेगवेगळ्या आकाराची बटणं. मला तो फार देखणा वाटला. गुरुजींनी दोन्ही हातांनी शांतपणे सगळा चाचपला आणि म्हणाले, "एकाच वेळी सगळी बोलतायत. कुणाचंच ऐकू येत नाही." मग एकेक काढत गेलो. बोटाला दोन रेषा वेगळ्या कळायला त्यांच्यात चांगलं अंतर लागतं, डोळ्याला लागतं त्याहून कितीतरी जास्त. शेवटी उरलं ते असं: एक जाड रेषा समुद्राची, एक बारीक रस्त्याची, तीन खुणा. आणि रस्त्याच्या रेषेवर जिथे पायऱ्या आहेत तिथे आडव्या चिरा. डोळस माणसालाही तो पटकन कळतो, ही त्यातली चांगली गोष्ट.

दाभोळ-धोपावे फेरीच्या धक्क्यासाठीचं पोस्टर अजून पुरं झालेलं नाही, आणि ते सगळ्यात अवघड आहे. फेरीबोटीवर गाड्या जातात, म्हणजे तिथे पायरी नाही, उतार आहे. व्हीलचेअरला हे चांगलं. उताराचा नेहमीचा निकष १ ला १२, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. पण हा उतार पाण्यात उतरतो आणि पाणी एका जागी राहत नाही. उधाणाला ते पुरुषभर वरखाली होतं. भरतीला बोट वरच्या अंगाला लागते, ओहोटीला चिखल धरलेल्या खालच्या भागातून जावं लागतं. मग या धक्क्याला नकाशात 'जाता येतं' लिहायचं की 'जाता येत नाही'? दोन्ही खोटं. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. आमच्याकडचे दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून ती सांगतात, अष्टमीला सहाच्या सुमारास. ढोबळ हिशेब, पण घड्याळापेक्षा तोच लोकांच्या तोंडी. मला पोस्टरवर तिथीचा तक्ता हवा आहे आणि प्रत्येक तिथीसमोर उतार सोपा कधी, अवघड कधी. खलाशांपैकी एक दादा तक्ता तपासून देणार आहेत. त्यांना प्रश्न पहिल्या वाक्यात समजला, कारण खुर्ची उचलायला दरवेळी तेच धावतात.

डोळ्यांवर पट्टी बांधून गावकऱ्यांना चालायला लावा, म्हणजे जाणीव होईल, असं एका बैठकीत सुचवलं गेलं. मी विरोध केला. पट्टी बांधलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळते ती फक्त भीती. गुरुजींनी वर्षानुवर्षं कमावलेलं कान, नाक, काठीचं ज्ञान त्याला कळत नाही, आणि तो अंधांविषयी अधिकच कणव घेऊन घरी जातो. त्यापेक्षा त्याच माणसाच्या हातात टेप द्यावी आणि स्वतःच्या दुकानाची पायरी मोजायला सांगावी. बाजारात आम्ही तेच करतोय. दारावर लावायच्या कागदावर मोकळी जागा आहे: पायऱ्या इतक्या, उंची इतकी, कठडा उजवीकडे, डावीकडे किंवा नाही. एका किराणावाल्या काकांनी मोजलं, त्यांच्या चार निघाल्या. लिहिताना ते थोडे अवघडले, जणू मी त्यांची चूक धरली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाली स्वतःच्या हाताने जोडलं होतं, 'हाक मारा, सामान खाली आणून देतो', आणि फोन नंबर. ती ओळ मला सुचली नव्हती. आता प्रत्येक कागदावर तेवढी जागा सोडतो.

पोस्टरं लावून पायऱ्या कमी होणार आहेत का, असं विचारतात. कायदा पायऱ्यांविषयी बोलतोच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत, असं बजावलं. त्यासाठी भांडत राहायला हवंच. पण देवळाला रॅम्प होईपर्यंत मावशीने रिक्षात बसून राहायचं का? आज तिथे किती पायऱ्या आहेत हे तिला घरबसल्या कळणं हा तिचा हक्कच आहे. आणि रॅम्पसाठी अर्ज करणाऱ्यालाही मोजलेला आकडा हातात असला तर बरं पडतं.

पिशव्या गणपतीच्या आधी तयार व्हायला हव्यात. तेव्हा चाकरमानी येतात, सोबत म्हातारे आईवडील येतात, आणि वर्षभर बंद असलेल्या घरांची दारं उघडतात. प्रत्येक पिशवीत एक कोरा कागद असेल. गावी याल तेव्हा रस्त्यापासून आपल्या दारापर्यंतची वाट त्यावर लिहा: पायऱ्या किती, सगळ्यात उंच कुठली, धरायला काय आहे, साकवाला कठडा कुठल्या बाजूला, रिक्षा कुठपर्यंत येते. काठी घेऊन चालणारं कुणी घरात असेल तर त्यांच्याकडून लिहून घ्या, ते तुमच्यापेक्षा बारकाईने सांगतील. आणि लिहिताना पाऊस असेल तर तसं नोंदवा, कारण भाद्रपदातली पाखाडी वेगळी आणि मे महिन्यातली वेगळी, आणि नकाशात अजून तरी दोन्हींची रेघ एकच आहे.